शुवाईचा कागद

मकोबा, ग्वेरू
९ मे २०२२

चि. शुवाईस,
तुझ्या नणंदेचा, तेतेचा आशीर्वाद.

तुझे वडील, आई आणि भाऊ सुखरूप असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. सकाळी गारठा पडू लागला आहे. मका काढून झाला, भुईमूग अंगणात वाळत घातला आहे आणि शेजारच्यांच्या कोंबड्या त्यावर रोज प्रार्थनेला जमतात. तुझा फोन लागत नाही. तुझ्या वडिलांना लावला तर त्यांनी माझा आवाज ऐकला आणि "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिला. चौदा वर्षं हा माणूस माझ्याशी व्याही म्हणून बोलत आला आहे. असो. म्हणून पत्र लिहिते आहे. चिपिंगेच्या बसचा ड्रायव्हर आपल्या चर्चचा आहे, तो तुमच्या फाट्यावरच्या दुकानात ठेवील.

तुझी लेक रुतेंदो अकरा पूर्ण झाली. उंची तुझ्यावर गेली आहे, जानेवारीत घेतलेले बूट आत्ताच बोटांना लागतात. गणितात वर्गात दुसरी आली. पहिली का नाही म्हणून मी रागावले, तर म्हणाली, "तेते, पहिला आलेला मुलगा शाळेच्या हेडमास्तरांचा आहे." तुमच्या घराण्यातलं बोलणं हिला बरोबर आलं आहे.

माझ्या भावाचा, एनॉकचा ट्रक बैरा ते काँगो असाच चालू आहे. गेल्या महिन्यात सीमेवरच्या रांगेत नऊ दिवस अडकला होता. तब्येत बरी आहे.

आता माझी बातमी. मला धक्का बसला आहे आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

दोन-तीन महिने उजव्या बरगडीखाली जड जड वाटत होतं. थकवा असा की कपडे धुवून झाले की बादलीपाशीच बसून राहावं. मला वाटलं, वय. एका गुरुवारी चर्चच्या महिला संघाच्या सभेआधी हॉस्पिटलात जाऊन आले. सभेला तिथूनच जायचं म्हणून अंगात लाल ब्लाऊज, डोक्यावर पांढरी टोपी, सगळा पोशाख होता. रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणजे एक कोवळी पोर, डॉ. चिदुकू. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "आई, रोज किती घेता?"

"काय किती?"

"दारू. बिअर. घरची, दुकानची, कुठलीही."

शुवाई, मी डोक्यावरची टोपी सरळ केली. मी म्हटलं, "पोरी, हा ब्लाऊज दिसतो का तुला? दारूला न शिवण्याची शपथ घेतल्यावरच मिळतो. एकतीस वर्षं अंगात आहे. नऊ वर्षं मी संघाची अध्यक्ष आहे. बाटलीचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं ते मला माहीत नाही."

"ब्लाऊज दिसला, म्हणून तर हळू विचारलं," ती म्हणाली. "रागावू नका. हा प्रश्न सगळ्यांना विचारावाच लागतो. तुमच्या लिव्हरवर चरबी चढली आहे. सूजही आहे."

मी सांगितलं की लिव्हर दारुड्यांचं खराब होतं, हे लहान मूलही सांगेल. तुमच्या मशीनने दुसऱ्या कुणाचं पोट दाखवलं असेल. तर ती हसली. म्हणाली, "दारू न पिणाऱ्यांचंही होतं, आई. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक थेंबही न घेणारे आहेत. त्यातले कितीतरी चर्चमधले."

मग तिने समजावून सांगितलं. लिव्हर म्हणजे घरची कणगी. आपण खातो त्यातलं अंगाला लागतं ते लागतं, उरलेल्या साखरेची आणि पिठाची लिव्हर चरबी करून ठेवतं. घर खातं त्याहून जास्त धान्य वर्षानुवर्षं कणगीत ओतत राहिलं तर कणगी फुगते, मग तडकते. आधी चरबी, मग सूज, मग आत वण पडायला लागतात. वण पक्के झाले की लिव्हर दगड होतं, आणि ते दारुड्याचं आहे की अध्यक्षबाईंचं, हे नंतर पाहून कळत नाही. पोटाचा घेर, वाढलेली साखर, वाढलेलं वजन, ही सगळी एकाच घरची पाहुणेमंडळी. माझी साखरही वाढलेली निघाली.

"मग गोळी द्या," मी म्हटलं.

"साखरेची देते. चरबी उतरवणारी गोळी माझ्याकडे नाही. ती तुम्हीच उतरवायची." मी एक्क्याण्णव किलो आहे. सहा-सात महिन्यांत आठ-नऊ किलो कमी करायचे, हळूहळू. एकदम उपाशी राहिलं तर लिव्हर उलट बिघडतं म्हणे. चहात चार चमचे साखर होती, ती बंद. पाण्यात घालून पितो ते संत्र्याचं गोड सरबत बंद. मक्याच्या पिठाच्या साद्झाचा डोंगर ताटात असतो, त्याची मूठभर टेकडी करायची, तीही पांढऱ्या पिठाची नको, भरड मक्याची नाहीतर नाचणीची. पालेभाजी, चवळी, मासे चालतील. रोज अर्धा तास भरभर चालायचं. बसस्टँडवर लिव्हर धुऊन देतो म्हणून कडू मुळ्यांचा काढा विकतात, त्याला हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. "आणि दारू कधीच नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, तेवढं जमेल.

हे सगळं तुला का लिहिते आहे? सहज. घरातली बातमी घरातल्या माणसाला कळावी. आणि तूही एकदा रक्त तपासून घे. उपाशीपोटी जा, साखर आणि लिव्हर दोन्ही बघायला सांग. चाळिशी जवळ आली की तपासावं माणसाने. त्या वेळच्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नाही, मीही काढत नाही.

आईवडिलांना नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर.

तुझी तेते,
ओतिलिया

ता. क. : तुला तहान फार लागते का? पायांना मुंग्या येतात का? सहज विचारते आहे.


चिपिंगे
२६ मे २०२२

तेते,
तुम्हाला नमस्कार.

पत्र मिळालं. दुकानदाराने चार दिवस ठेवून घेतलं होतं, कारण बाहेर तुमचं नाव बघून बाबांनी त्याला ते देऊ नकोस असं सांगितलं होतं. आई जाऊन घेऊन आली.

रुतेंदोचे बूट बदलून घ्या. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे तिचा, डावा घालून बघायला सांगा. हेडमास्तरांच्या मुलाचं वाचून आई हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी हसली.

तुमच्या आजाराचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं ऐका. चहा बिनसाखरेचा दोन आठवडे घशाखाली उतरत नाही, मग उतरतो.

तुमच्या पत्रात दोनदा "सहज" आलं आहे. चौदा वर्षांत तुम्ही सहज काही केल्याचं मला आठवत नाही. तहान लागते. पायांना मुंग्या येतात. इथल्या बायका म्हणतात, कुणीतरी करणी केलीय. डोळ्यांपुढे कधी कधी अंधुक होतं, चहाच्या मळ्यात पानं खुडताना कोवळं कुठलं आणि जून कुठलं ते समजत नाही, म्हणून मुकादमाने मला टोपल्या उचलायच्या कामाला लावलं आहे. तुम्हाला हे कसं कळलं?

माझा दवाखान्याचा कागद तुमच्याकडे आहे. तो पाठवून द्या.

मी पीत नव्हते, हे मी तुमच्या सभेत एकोणीस बायकांसमोर सांगितलं होतं. आता पत्रात विसाव्यांदा सांगणार नाही. एनॉकने तुमच्या हातून काडीमोडाचं नाणं पाठवलं, मी ते घेतलं, तिथे आपलं नातं संपलं. तरी नणंदेला तेते म्हणायची सवय जात नाही, म्हणून लिहिलं आहे. वेगळा अर्थ काढू नका.

शुवाई


मकोबा, ग्वेरू
६ जून २०२२

शुवाई,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. तो द्यायचा माझा हक्क उरला आहे की नाही ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

तुझं पत्र वाचलं. डोळ्यांपुढे अंधुक होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तहान आणि मुंग्या हे डॉक्टरने सांगितलं होतं, डोळ्यांचं मी तिला विचारलंच नव्हतं. परवा जाऊन विचारून आले. ती म्हणाली, लगेच दवाखान्यात पाठवा, आजच. म्हणून आधी कामाचं लिहिते, बाकीचं नंतर. या पाकिटात तुझा कागद आहे. त्याला डॉ. चिदुकूने लिहिलेली चिठ्ठी जोडली आहे. ती घेऊन चिपिंगेच्या हॉस्पिटलात जा. साखर, लिव्हर, डोळे, किडनी, सगळं बघायला तिने लिहिलं आहे. हे पत्र इथेच खाली ठेवून आधी जाऊन आलीस तरी चालेल. पत्र कुठे पळून जात नाही.

आता ते.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी गोल गोल लिहिलं. तू बरोबर ओळखलंस, मी सहज काही करत नाही.

हॉस्पिटलातून आले त्याच गुरुवारी मी सभेत उभी राहिले आणि सांगितलं, भगिनींनो, माझ्या लिव्हरला आजार झाला आहे, प्रार्थना करा. मला वाटलं होतं, सगळ्या धावत येतील. एकही जागची हलली नाही. मग माई ग्वातिद्झो उठली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अध्यक्षबाई, लाजू नका. त्यातून सुटता येतं. माझा दीर सुटला."

"कशातून?" मी विचारलं.

"आम्ही कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. एकोणीस जणींसमोर.

मी डॉक्टरचं सगळं सांगितलं, कणगी, साखर, साद्झा. त्या माना डोलवत होत्या. तशा माना मी ओळखते. समोरच्याने खोटं बोलून संपवावं म्हणून वाट बघताना आम्ही तशाच डोलावतो. पुढच्या आठवड्यापासून कुणी मिठी मारली की श्वास आत ओढून घ्यायची. माझ्या तोंडाचा वास घेत होत्या, शुवाई. मग माझे चार किलो उतरले, तर बाजारात बोलणं सुरू झालं की ओतिलियाला तो दुसरा आजार झाला आहे, नाहीतर बाई अशी उगाच कशाला वाळेल. म्हणजे एका महिन्यात मी दारुडी झाले आणि बदफैलीही झाले. बासष्टाव्या वर्षी. हसू येत होतं आणि रात्री रडूही येत होतं. कुणीही विचारलं नाही, फक्त ठरवलं.

मी काही इतकी मूर्ख नाही की मला तू आठवणार नाहीस.

म्हणून पुढच्या खेपेला मी तुझा कागद डॉक्टरकडे घेऊन गेले. सभेत वाचून दाखवल्यावर मी तो घडी करून बायबलमध्ये ठेवला होता. तू मागितलास तेव्हा सापडत नाही म्हणाले होते. उद्या कुणी विचारलं, भावजयीला का घालवलीस, तर हातच्या काकणाला आरसा कशाला, हा बघा कागद, असं म्हणता यावं म्हणून ठेवला होता. मला वाटलं, डॉक्टर कागद बघून म्हणेल, हो, ही मात्र पिणारी होती. खरं सांगते, मी तेवढ्यासाठीच गेले होते. मी निर्दोष आणि तू दोषी असं तिने म्हणावं आणि माझी झोप परत यावी.

तिने कागद उलटसुलट पाहिला. "ही कोण?"

"भावजय. ही पीत होती."

"कागदावरून ते कळत नाही. लिव्हरवर चरबी आहे, तुमच्यासारखीच. पण हे पाहिलंत का?" तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "उपाशीपोटी साखर. असायला हवी त्याच्या दुप्पट. हिला गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"हिला मधुमेह आहे हे हिला सांगितलं ना कुणी?"

शुवाई, त्या दवाखान्यात मीच तुझ्यासोबत आले होते. नर्सने तुला विचारलं, पितेस का. तू नाही म्हणालीस. तिने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं, दारू बंद करावी. साखरेचं ती काहीच बोलली नाही. घरी जाऊन तू तो कागद नीट वाचणार होतीस, शाळेतल्या बाईंना दाखवणार होतीस. तसं तू म्हणाली होतीस. त्याआधीच मी तो तुझ्या पिशवीतून काढून घेतला. दोन वर्षं तुझी साखर माझ्या बायबलमध्ये होती, आणि मी रोज सकाळी तेच पुस्तक उघडत होते.

डॉक्टरने विचारलं, "हा कागद तुमच्याकडे कसा?" मी म्हटलं, सांभाळायला दिला होता. त्या पोरीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी कशी आले आठवत नाही. चुकीच्या गाडीत बसून पार दुसऱ्या टोकाला गेले होते, एवढं खरं.

इथे थांबता आलं असतं. कागदाचा दोष नर्सवर घालता आला असता, आणि मला लिव्हरचं ज्ञान नव्हतं म्हणून बाकीचं माफ झालं असतं. काल संध्याकाळपर्यंत मी असंच पत्र लिहून ठेवलं होतं. ते फाडलं.

तेव्हा तुझ्या परसात पोत्यावर अंकुरलेली नाचणी वाळत होती. सभेत मी तेच पहिल्यांदा सांगितलं. बायकांना कागदातलं काही कळलं नव्हतं, नाचणीचं लगेच कळलं. अंकुरलेली नाचणी कुणाच्या परसात दिसली तर ती बिअरसाठीच, असं आपल्या लोकांना आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं आहे. तू म्हणालीस, ती महेउसाठी आहे, आंबवलेली पेज, पोरीच्या शाळेसमोर विकते. त्या हसल्या. दारू पिणारी प्रत्येक बाई महेउचंच नाव सांगते म्हणाल्या.

मी हसले नाही. कारण मला माहीत होतं. आदल्याच शनिवारी तू मला तुझ्या महेउचा मोठा मग भरून दिला होतास आणि मी दुसरा मागून घेतला होता. गोड आंबट, नशा नावालाही नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं, मी प्यायले आहे, ती पेजच आहे. तू माझ्याकडे बघत होतीस. मी टेबलावरची फुलं सारखी करत होते.

त्यांनी तुझा ब्लाऊज काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हाही मी मत द्यायला हात वर केला नाही. अध्यक्ष मत देत नाहीत असा नियम आहे. मी किती नियमाने वागले बघ.

आता नाणं.

एनॉक तेव्हा काँगोच्या सीमेवर होता. मी त्याला फोनवर सांगितलं, बायको पिते, कागद आहे, सभेत सिद्ध झालं. पलीकडे त्याने ट्रकचं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत काही करू नकोस. मी तिला समोर बसवून विचारेन. ती मला खोटं सांगत नाही." एवढंच म्हणाला. नाण्याचं नावही त्याने काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले आणि तुझ्या हातावर नाणं ठेवलं. म्हटलं, एनॉकने पाठवलं आहे. नवऱ्याचं नाणं बायकोच्या हातावर पडलं की लग्न संपलं, आणि ते पोचवायचं काम नणंदेचं. पोचवायचं, शुवाई, पाठवायचं नव्हे. ते माझ्या पाकिटातलं होतं. तू वाद घातला नाहीस. तू फक्त विचारलंस, "तो स्वतः काय म्हणाला?" मी म्हटलं, काही नाही म्हणाला. नाण्याबद्दल तो काही म्हणाला नव्हता, तेवढं मात्र खरं होतं.

त्याला मी सांगितलं की तू सगळं कबूल केलंस आणि नाणं स्वतः मागून घेतलंस. तो आला तेव्हा ट्रक दारात लावून आतच बसून राहिला. मी चहा नेला. "तिने मागून घेतलं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने तीनदा विचारलं, तीनदा मी हो म्हटलं. दोन वर्षांत त्याने दुसरी बाई बघितलेली नाही. गेल्या पावसाळ्यात बैराहून येताना तो चिपिंगेच्या फाट्यापर्यंत आला होता आणि तिथून वळून परत गेला. जिने स्वतः मागून घेतलं तिला काय विचारायचं, असं मला म्हणाला. मी त्याला जेवायला वाढत होते.

तू विचारशील, का. मीही स्वतःला विचारते. संघाची अब्रू, घराण्याचं नाव, ही कारणं मी इतकी वर्षं सांगितली आणि ती पूर्ण खोटी नाहीत. पण खरं कारण लहान आहे आणि लाज वाटावी असं आहे. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मला मूल नाही. दर रविवारी तुम्ही तिघं जेवायला यायचात आणि चार वाजता रुतेंदो तुझं बोट धरून जायची. तू गेलीस तर एनॉक ट्रकवर असणार आणि पोर बापाच्या घराण्याची म्हणून माझ्याकडे राहणार, हे मला तो कागद हातात आला त्याच क्षणी दिसलं. मी ठरवून केलं असं म्हणवत नाही. पण दिसलं होतं, आणि मी नजर वळवली नाही.

गेल्या आठवड्यात मी रुतेंदोला सगळं सांगितलं. तिच्या वयाला झेपेल तेवढं नाही, सगळं. ती चवळी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "आई आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, नव्हतं गं.

"पण कागद तुमच्याकडे होता."

बासष्ट वर्षांच्या बाईला अकरा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात पकडलं. तेव्हापासून ती मला जेवायला हाक मारते, पाणी आणून देते, शाळेत जाताना सांगून जाते. काहीच कमी करत नाही. फक्त तेते म्हणत नाही.

शनिवारच्या बसने मी तिला तुझ्याकडे पाठवते आहे. हेडमास्तरांशी बोलले, शाळेचा दाखला देतो म्हणाले. मी सोबत येणार नाही. तुझे वडील मला फाटकाशी उभं करतील हे मला मान्य आहे, पण ते रुतेंदोच्या देखत नको. नंतर ते जेव्हा बोलावतील तेव्हा येईन आणि ते बसवतील तिथे बसेन.

गेल्या गुरुवारी मी सभेत उभी राहून महेउचं सांगितलं, दोन मग प्यायल्याचं सांगितलं, आणि ब्लाऊज घडी करून टेबलावर ठेवला. माई ग्वातिद्झो म्हणाली, "बघा, दारू माणसाकडून काय काय बोलवून घेते." त्यांना अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. मी दर गुरुवारी जाऊन मागच्या बाकावर बसणार आहे आणि कुणी विचारलं की तेच सांगणार आहे.

एनॉकला सांगायला मी तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा रस्त्याची आणि टायरची चौकशी करून ठेवला. माझी जीभ त्याच्यापुढे उचलत नाही, लहानपणापासून मी त्याला वाढवला आहे. म्हणून हे पत्र तुझ्या हातात देते. ते त्याला दाखव. तो माझं तोंड बघणार नाही, मला त्याच्याशिवाय या जगात कुणी नाही, हे सगळं धरून लिहिते आहे, दाखव. तुझ्या वडिलांनाही मोठ्याने वाचून दाखव. पंच बसले तर पंचांपुढे वाचा. कुणाला हे दुसऱ्याच कुणी लिहिलं असं म्हणता येऊ नये म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते.

फक्त एक मागणं. मी सांगितलं म्हणून दवाखान्यात जायचं नाही, असं करू नकोस. माझ्यावरचा राग ठेव, तो तुझा आहे. पण रक्त तपासून घे. गोळ्या सुरू कर. डॉक्टर म्हणते, लिव्हर फार सोशिक असतं, वेळेत ऐकलं तर सावरतं, डोळ्यांचं मात्र बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुझ्या डोळ्यांचं काय निघालं ते मला कळवायची गरज नाही. रुतेंदोला कळू दे.

तू पीत नव्हतीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे.

ओतिलिया मुतासा, माहेरची मुझेंदा,
एनॉक मुझेंदाची थोरली बहीण.
नाणं माझं होतं.